भिंतीकडची बाजू

१८ जून २०२४
आज बोटी आल्या. चार. दोन ट्रकमधून, दोरखंडांनी बांधलेल्या. नागपूरच्या रजतने धरणावर बोटिंगचा ठेका घेतला आहे. कुठल्यातरी बंद पडलेल्या तलावावरून त्याने या उचलल्या. वीस वर्षे जुन्या असाव्यात. फायबर अजून टणक आहे.

तक्रार एकच. वेग वाढला की बोट मान हलवू लागते. नाक वर, नाक खाली, नाक वर. रजतने मोबाइलवर दाखवले. "सर, घोड्यावानी उडते. पब्लिकले मजा येते, पण तिथं मागच्या सीझनले एकाची कंबर गेली."

एक नंबरची बोट उलटी करून शेडमध्ये टायरांवर ठेवली. बाकीच्या अंगणात, ताडपत्रीखाली. शेड पाण्याच्या टाक्यांसाठी बांधलेले आहे. बोटीची एक बाजू भिंतीला जवळजवळ टेकली. मध्ये हातभर जागा.

देवळीत मला टाक्यांची भोके बुजवणारे निस्ताने सर म्हणून ओळखतात. आयटीआयमध्ये सव्वीस वर्षे शिकवले, ते कोणाच्या लक्षात नाही.

२१ जून
दोष सापडला. बोटीच्या बुडाचे मागचे पाच फूट सरळ असायला हवेत. पट्टीसारखे. ही बोट वर्षानुवर्षे दोन लाकडांवर पडून राहिली. बुडाला पोट सुटले आहे, दोन्ही बाजूंनी. वेगात पाणी त्या पोटाखालून जाताना मागचा भाग खाली ओढते. मग नाक उचलते, पडते, पुन्हा उचलते. इंजिनाचा संबंध नाही. चालवणाऱ्याचाही नाही.

उपाय: मागच्या कडेला फायबरचे थर चढवून पोट भरून काढायचे. पाच फूट सरळ करायचे. पुस्तकात आकृती आहे. मी ती मोठी करून भिंतीवर लावली.

बायकोला, कुंताला, समजावले. ती म्हणाली, "अवो, त्या टाक्या कधी करसान? लोक येऊन राह्यले."

२ जुलै
हवा ओली. रेझिन लवकर घट्ट होत नाही. दोन हॅलोजन लावून शेड तापवावे लागते. शालू फायबरची मॅट कापते, थर बसवते. अकरा वर्षे माझ्याकडे आहे. हात चांगला, बोलणे जास्त.

दुपारी नत्थूजी आला. बोट तोच चालवणार. धरणाकाठचा ढिवर. त्यांच्या सोसायटीचा मासेमारीचा करार संपला आणि तलाव दुसऱ्यांकडे गेला. पाणी ओळखतो म्हणून रजतने याला घेतले. त्याने चप्पल काढली. बुडावर पंजा ठेवून नाकापासून मागच्या कडेपर्यंत चालत गेला. भिंतीकडे जाता येत नव्हते, तिथून हात घालून पाहिले.

मी आकृती दाखवून सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, "अन् वळतानी?"

मी म्हटले, आधी सरळ तर चालू द्या.

१९ जुलै
थर पूर्ण. घासून झाले. आज पट्टी लावली.

पद्धत सोपी आहे. पाच फुटांची लोखंडी पट्टी बुडावर लांबीच्या दिशेने धरायची, पलीकडून टॉर्च मारायचा. पट्टी आणि बूड यांच्यामधून उजेड आला तर तिथे खळगा. उजेड नाही तर सरळ. मुलांना हे मी पहिल्या वर्षी शिकवायचो.

मोकळ्या बाजूला उजेड नाही. केसाएवढाही नाही.

भिंतीकडच्या बाजूला वाकणे कठीण. डोके एकाच रीतीने आत जाते, उजवा डोळा तेवढा पट्टीला लागतो. तिथेही उजेड नाही. शालू पलीकडून म्हणाली, "सर, मधात उजेड दिसून राह्यला." मी म्हटले, टॉर्च तुझ्याच हातात आहे, उजेड दिसणारच. ती हसली नाही. "तसा नाई सर, खालून." तिचे हात हलतात. अकरा वर्षांत टॉर्च सरळ धरायला शिकली नाही.

दोन्ही बाजू पास.

संध्याकाळी चहा बशीत सांडला. कुंताने कप फार लहान आणले आहेत.

३० जुलै
बोट सुलटी केली. आठ माणसे लागली. भिंतीकडची बाजू आता उजवी झाली. रंग निळा. रजतला लाल हवा होता.

५ सप्टेंबर
चाचणी.

धरण भरले आहे. साठ किलोची एक अशी वाळूची सहा पोती बोटीत माणसांच्या जागी ठेवली. नत्थूजी स्टिअरिंगवर, मी मागे. बांधापासून समोरच्या टेकडीपर्यंत सरळ. वेग वाढवत नेला. नाक हलले नाही. पाण्यावरून इस्त्री फिरवावी तशी गेली. मी पुन्हा न्यायला सांगितले. तीनदा नेली. इतक्या वर्षांत असे काही माझ्या हातून झाले नव्हते.

मग वळणे. धरणाच्या मध्यावर एका उंच बांबूला लाल झेंडी आहे. खाली बुडालेल्या गावाची देवी, मातामाय. खुणेसाठी दुसरे काही नाही. मी म्हटले, तिच्याभोवती तीन फेऱ्या, डावीकडून.

नत्थूजीने इंजिन बंद केले.

"मायले डावी घालत नाई, सर."

"चाचणी आहे. पूजा नाही."

"उजवी घालतो न. पाह्यजे तितक्या घालतो. उलटी फेरी मेल्या माणसाले असते."

रजत काठावरून ओरडत होता. मी नत्थूजीला काठावर उतरवले आणि स्टिअरिंग स्वतः घेतले. तीन फेऱ्या, डावीकडून, जोरात. बोट पाण्याला घट्ट धरून वळली. नत्थूजी बांधावर बोटीकडे पाठ करून बसला होता.

उजवीकडून वळवली असती तरी काही बिघडले नसते. पण मग त्याला वाटले असते, त्याचे ऐकले. बूड एकच आहे. डावीकडे वळली ती उजवीकडेही वळणार.

बोट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्रावर जीपच्या बॉनेटवर सही केली. रजतने फोटो काढला. "सर, आता तुमचं नाव नागपूरपर्यंत जाईन."

१२ ऑक्टोबर
दसरा. उद्घाटन. बोटीला झेंडूची माळ, लिंबू. नत्थूजीने नाकावर कुंकू लावले. भाषणात माझे नाव घेतले गेले, आडनाव चुकवून.

रजतने पाटी लावली आहे: 'हायस्पीड प्रदक्षिणा'. मातामायला एक फेरी, व्हिडिओसह. बुडालेल्या गावचे लोक देवळी, पवनार, वर्ध्याहून येतात. रांग होती.

२१ ऑक्टोबर
नत्थूजी बसने देवळीला आला. पाणीही घेतले नाही.

"सर, उजवीकडं वळतानी मान टाकते. नाक पाण्यात रोवते अन् मागचा भाग सुटते."

"किती वेगाला?"

"मीटर मी पाहत नाई. पाणी पाहतो."

"हळू वळवा मग."

"मी सोडतोच हळू. रजतभाऊ काठावरून हात करते, जोरात घाल म्हणते, व्हिडिओ चांगला येते."

मी म्हटले, लोकांना जागेवर बसवून ठेवा, ते एका बाजूला झुकत असतील.

"झुकतेच न. माय दिसली का सारेच उजवीकडं होऊन हात जोडते. त्याहिले काऊन बसवून ठेवू? ते तेवढ्यासाठीच आले असते." मग म्हणाला, "एकखेप तुम्ही बसा बोटीत. पोती नाई, मानसं घेऊन."

दिवाळीनंतर येतो म्हटले.

तीस वर्षे वल्हे मारलेला माणूस. इंजिनाचे वळण अंगावर आल्यासारखे वाटणारच. पोत्यांनी झालेल्या चाचणीत जे दिसले नाही ते याला पंजा लावून दिसते. जाळे टाकणाऱ्याला स्टिअरिंग दिले की बोटच दोषी ठरते.

३ नोव्हेंबर
भाऊबीज. चार वाजता फोन आला.

बोट मातामायजवळ गरकन फिरली. तिघे पाण्यात फेकले गेले. जॅकेट होते म्हणून वाचले. सेलूची एक बाई बोटीच्या कडेवर आपटली, मांडीचे हाड मोडले. नत्थूजीचा उजवा हात स्टिअरिंगमध्ये अडकून कोपरात मोडला. तशातही डाव्या हाताने त्याने बाईला धरून ठेवले, असे म्हणतात.

५ नोव्हेंबर
धरणावर गेलो. बोट काठावर, कुशीवर. रजतच्या माणसाला टॉर्च धरायला सांगून पट्टी लावली. ऊन होते. सवयीने उजवा डोळा लावला. उजव्या बाजूला पट्टी कड धरून बसते. उजेड नाही.

रजत म्हणाला, "पिऊन असन, सर."

मी म्हटले, तो पीत नाही. पोळ्यालाही नाही.

"मग दोनच गोष्टी राह्यल्या न. तुमची बोट नाई तं त्याचा हात."

९ नोव्हेंबर
तांत्रिक अहवाल दिला. दोन परिच्छेद. 'बुडाच्या आकारात दोष आढळला नाही. वळण सुरक्षित मर्यादेपेक्षा अधिक वेगाने घेतल्याचे दिसते.' प्रत्येक शब्द तपासला आहे. खोटा एकही नाही.

रजतने सोमवारपासून बाकीच्या तिन्ही बोटींचे काम सुरू करायला सांगितले.

कुंताने कच्चा कागद वाचला. "त्याचं नाव नाई लिवलं तुम्ही."

"गरज नव्हती."

"चालवनारा एकच होता न."

१८ नोव्हेंबर
नत्थूजीवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. बोट चालवण्याचा परवाना रद्द. त्याच्यामुळे रजतकडे कामाला लागलेले त्यांच्या सोसायटीचे दोघेही काढले.

शुक्रवारच्या बाजारात कोणीतरी "राम राम, सर" म्हणाले. मी पुढे गेलो. पुन्हा म्हणाले तेव्हा वळून पाहिले. नत्थूजीची बायको, धुरपता. पोत्यावर सुकी मासळी घेऊन बसली होती.

"दिसली नाई का मी?"

"गर्दी आहे."

"गर्दी कुठं हाय?" तिने आजूबाजूला पाहिले. मग म्हणाली, "कोपरात रॉड टाकला. जाळं फेकनं झालं आता त्याहिचं." आवाजात तक्रार नव्हती. भाव सांगावा तसे सांगितले.

मी मासळी घेतली. घरी कोणी खात नाही.

२६ नोव्हेंबर
ग्राइंडर बोटाला लागला. दोन टाके. कुंता सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेली, बोटासाठी नव्हे, डोळ्यांसाठी. चिठ्ठी तिने आधीच काढून ठेवली होती.

डॉक्टर तरुण मुलगी. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. म्हणाली, "सर, तुम्ही एकाच डोळ्यानं पाहत होते. हळूहळू होतं, म्हणून समजत नाही."

"किती दिवसांपासून?"

"दिवस नाही. वर्ष तरी."

४ डिसेंबर
ऑपरेशन. वीस मिनिटे.

६ डिसेंबर
पट्टी काढली. कुंताच्या लुगड्याला जांभळी कड आहे. मी काळी समजत होतो. घरी येऊन शेडपर्यंत गेलो. दारातून पाहिले. आत गेलो नाही. वाकायचे नाही, असे सांगितले आहे.

१७ डिसेंबर
एक नंबरची बोट परत आली आहे. रजतने पाठवली, दुरुस्त करून द्या म्हणून. पुन्हा उलटी, त्याच टायरांवर, तशीच भिंतीला लागून.

दहा दिवस टाळले. आज शालूला टॉर्च घ्यायला सांगितले.

तिने विचारले, "कोनत्या बाजूनं?"

"तुला माहीत आहे."

डोके आत घातले. उजवा डोळा पट्टीला लावला. उजेड होता. दीड-दोन फूट लांब, मध्ये जाड, टोकांना बारीक. विळ्यासारखा. पाच रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवली. आत गेली. मोकळ्या बाजूला एकही जात नाही.

मागची कड गरजेपेक्षा जास्त चढवली आहे. सरळ जाताना दुसरी बाजू सांभाळून घेते. उजवीकडे वळताना सगळा भार याच बाजूवर येतो. मागचा भाग उचलला जातो, नाक रोवले जाते, बोट फिरते. मान टाकते. यापेक्षा बरोबर शब्द पुस्तकात नाही.

"त्या दिवशीही एवढाच होता?"

"एवढाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली न, सर." तिने टॉर्च बंद केला. "दोनदा बोलली."

१८ डिसेंबर
रजतला फोन केला. सगळे सांगितले.

तो म्हणाला, "सर, डोळे तुमचे आत्ता बरे झाले. तेव्हा काय होतं ते आत्ता कसं सांगता? आपटल्यानं वाकलं असन."

"फायबर असे वाकत नाही. तडकते."

"हे कोनाले समजते? घासून सरळ करा, रंग मारा. लाल मारा या खेपेस. अन् अहवाल मागं घेतला तं पहिले कोन अडकते, पाहा."

त्याने खरे तेच सांगितले. घासायला दोन दिवस पुरतात. मग तो उजेड कोणालाही दिसणार नाही. मलाही.

दुपारी ग्राइंडर काढून ठेवला. त्याची वायर गुंडाळून पुन्हा फळीवर ठेवली. एवढेच काम झाले.

२० डिसेंबर
वर्ध्याला, अहवाल दिला होता त्या कार्यालयात गेलो. अहवाल मागे घ्यायचा आहे म्हटले. साहेब सभ्य होते. म्हणाले, बोट अपघातानंतर दोनदा हलली आहे. आज खळगा आहे म्हणून तेव्हा होता, असे धरता येत नाही. "अपघाताच्या आधीचं काही आहे का? तेव्हाच कोणी लिहिलेलं?"

नाही म्हणून उठलो. बसमध्ये, देवळीच्या अलीकडे, आठवले.

घरी येऊन ही वही काढली. पहिल्यांदाच मागची पाने वाचली. जूनपासून प्रत्येक ओळ उजवीकडे जाताना खाली उतरते. जुलैत तर शेवटचे शब्द खालच्या ओळीवर पडले आहेत. रेघा आखलेली वही आहे. कुंताला दाखवले.

"मले दिसत होतं," ती म्हणाली. "मी तुमच्या वहीले हात लावत नाई. टेबल पुसतानी दिसत होतं."

१९ जुलैचे पान आहे. शालूचे बोलणे आहे. तिच्याच शब्दांत, तारखेसकट.

२२ डिसेंबर
शालूला घेऊन धरणावर गेलो. नत्थूजींचे घर बांधाच्या खाली आहे. ते ओसरीवर बसले होते. हात कोपरात वाकलेला तो तसाच. डाव्या हाताने जाळ्याची गाठ मारायचा प्रयत्न चालला होता. धुरपताबाई मासळी निवडत होत्या.

मी उभ्यानेच सांगितले. खळगा, डोळा, अहवाल. त्यांनी शालूकडे पाहिले. तिने मान हलवली.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आधीच शालूबाईनं सांगतलं होतं."

"माहीत असून बोट चालवली?"

"तुमची सही होती न."

धुरपताबाई निवडायच्या थांबल्या नाहीत.

मी वही काढली. ही पाने कार्यालयात जोडायची आहेत, यात तुमचेही नाव आहे, म्हणून आधी वाचून दाखवतो म्हटले. १९ जुलै वाचले. 'सर, मधात उजेड दिसून राह्यला.' शालू जमिनीकडे पाहत होती. खालची माझी ओळही वाचावी लागली, तिच्या हातांची, तिला शिकता न आलेल्या टॉर्चची. तिने पदराने हात पुसले.

"एवढे पुरे आहे," मी म्हटले. "या पानाची झेरॉक्स देतो."

"माहं बी लिवलं असन न," नत्थूजी म्हणाले. "मी देवळीले आलतो त्या दिवशीचं."

"आहे."

"वाचा न मग. मी आधी सांगतलं होतं, ते बी त्याहिले समजन."

त्यांचे बरोबर होते. ते पान जास्त कामाचे. २१ ऑक्टोबर. मी त्यांचे बोलणे वाचले. तेच होते, शब्द न शब्द. ते मान हलवत होते. 'दिवाळीनंतर येतो म्हटले' इथे मी थांबलो.

"झालं?"

"खाली थोडे आहे. ते माझे."

"वाचा."

वाचले. तीस वर्षांचे वल्हे, इंजिन, पंजा, जाळे टाकणारा. शेवटच्या ओळीपर्यंत. धुरपताबाईंचे हात आता थांबले होते. बांधावरून रजतच्या माणसांचा लाउडस्पीकर ऐकू येत होता. पायाने मारायच्या बोटी ठेवल्या आहेत तिथे आता.

नत्थूजींनी जाळे मांडीवरून खाली ठेवले.

"तीस नाई, सर," ते म्हणाले. "बेचाळीस."

मी खिशातून पेन काढले.

"खोडू नका," शालू म्हणाली. "खाडाखोड दिसली तं हापिसात कोनी खरं मानन नाई."

तसेच ठेवले आहे. तीस.